कुराण निर्मित की अनिर्मित? बगदादची मिहना (८३३–८५१): एक प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

इ.स. ८३३ च्या वसंतात अब्बासी खलिफा मामून बायझंटाइन सरहद्दीवरच्या मोहिमेत होता. तिथून त्याने बगदादचा नायब इसहाक इब्न इब्राहिम याला पत्र धाडले. शहरातल्या काझींना आणि हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या आठवणींच्या) विद्वानांना बोलावून एकच प्रश्न विचारायचा: कुराण अल्लाहने निर्माण केलेले आहे, हे तुम्हाला मान्य आहे का? जे 'हो' म्हणतील त्यांनी पदावर राहावे, जे म्हणणार नाहीत त्यांची नावे कळवावीत. ही चौकशी 'मिहना', म्हणजे सत्त्वपरीक्षा, या नावाने ओळखली जाते. ती चार खलिफांच्या काळात मिळून सुमारे अठरा वर्षे रेंगाळली आणि खलिफाच्या पूर्ण पराभवात संपली.

'इस्लाममध्ये धर्म आणि राज्य वेगळे नाहीतच' हे वाक्य आपल्याकडे गौरवाने म्हणणारेही आहेत आणि दोष देण्यासाठी म्हणणारेही. दोघांनी हे प्रकरण जवळून पाहावे असे मला मनापासून वाटते. धर्मावर अंतिम शब्द कुणाचा, या प्रश्नावरून राजसत्ता आणि विद्वान समोरासमोर उभे राहिले, आणि निकाल राजसत्तेच्या विरोधात गेला. ही दोन अधिकारक्षेत्रे एकमेकांपासून सुटी कशी झाली, ते इथे जवळजवळ पावलापावलाने दिसते.

पार्श्वभूमी

पैगंबर मुहम्मद यांच्या हयातीत हा प्रश्नच नव्हता. प्रकटीकरण त्यांच्यावर होत होते, न्यायनिवाडा तेच करत होते, फौजही त्यांच्याच हुकुमाने निघत होती. ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अबू बक्र यांची निवड झाली तेव्हा एक गोष्ट सर्वांना मान्य होती: पैगंबरी संपली, नवा माणूस वारस आहे, पैगंबर नाही. पण वारसा नेमका कशाचा? फक्त फौज आणि खजिन्याचा, की धर्म सांगण्याचाही?

पहिल्या खलिफांना दुसरा अधिकारही आपलाच वाटत होता. उमर यांनी धर्माचे निर्णय हक्काने दिले. पुढे दमास्कसच्या उमय्या खलिफांनी स्वतःला 'अल्लाहचा खलिफा' म्हणवून घेतले. अब्द अल-मलिकने जेरुसलेमला घुमटाची ती भव्य वास्तू उभारली आणि नाण्यांवरची चित्रे काढून तिथे श्रद्धेचे वचन कोरले. बाजारातल्या दिनारावर कलमा कोरणारा राज्यकर्ता धर्म आपल्या अखत्यारीत धरूनच चालतो.

याच काळात मदिना, कूफा, बसरा इथल्या मशिदींत दुसरेच काही घडत होते. कोणी नेमणूक न केलेली माणसे, पुष्कळदा व्यापारी किंवा कारागीर, खांबाला टेकून बसत आणि पैगंबरांची वचने व आचरण सांगत. भोवती ऐकणारे जमत. हदीस गोळा करण्यासाठी लोक महिनोन्‌महिने प्रवास करत. 'विद्वान हे पैगंबरांचे वारस' हे वचन याच वर्तुळातून सांगितले जाऊ लागले. म्हणजे एका वारशाला आता दोन दावेदार झाले.

७५० मध्ये अब्बासी घराणे पैगंबरांच्या कुळाचे नाव घेऊन सत्तेवर आले. इब्न अल-मुकफ्फा या फारसी वंशाच्या मुत्सद्द्याने खलिफा मन्सूरसाठी लिहिलेल्या निवेदनात दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. एका शहरात जे कायदेशीर ते दुसऱ्या शहरात गुन्हा ठरते; तेव्हा सगळे निकाल मागवून घ्यावेत, खलिफाने स्वतः छाननी करावी आणि साऱ्या राज्याला एकच संहिता द्यावी. तसे झाले नाही. कायदा घडवण्याचे काम विद्वानांच्या हातात राहिले; दरबार त्यांच्यातून काझी नेमत राहिला.

मग यादवी झाली. हारून अल-रशीद ८०९ मध्ये गेला, त्याच्या दोन मुलांत युद्ध जुंपले, बगदादला वर्षभर वेढा पडला आणि ८१३ मध्ये खलिफा अमीन मारला गेला. जिंकलेला मामून मात्र दूर पूर्वेला, खुरासान प्रांतातल्या मर्वलाच राहिला. राजधानीत गुंडपुंड मोकाट सुटले. बायका-मुलांना उचलून नेणे, गावांवर खंडणी बसवणे, सारे राजरोस चालले. तेव्हा ८१७ मध्ये हरबिय्या वस्तीतला सहल इब्न सलामा नावाचा माणूस गळ्यात कुराण अडकवून पुढे आला आणि 'चांगल्याची आज्ञा, वाईटाला मनाई' या धर्मकर्तव्याच्या नावाने मोहल्ल्यांची रक्षक पथके बांधू लागला. त्याची हाक अशी की, जिथे सृष्टिकर्त्याची अवज्ञा होते तिथे कुणाही माणसाची आज्ञा बंधनकारक नाही. ग्रंथाविरुद्ध जाणारा सुलतान असला तरी त्याच्याशी लढेन.

पुढच्या घटना समजायच्या तर सहल ध्यानात ठेवावा लागतो. बगदादच्या सामान्य माणसांनी पहिल्यांदाच अनुभवले होते की खलिफा नसतानाही धर्म चालतो, इतकेच नव्हे तर धर्माच्या आधाराने मोहल्लासुद्धा चालवता येतो. आणि ही मंडळी परकी नव्हती. अब्बासींना गादीवर बसवणाऱ्या खुरासानी सैनिकांचीच ही नातवंडे-पतवंडे. या प्रकरणात पुढे ठाम उभे राहिलेले हदीसपंडित अहमद इब्न हनबल यांचे घराणेही त्यातलेच.

मूळ समस्या

मामून ८१९ मध्ये बगदादला परतला तेव्हा गादी त्याची होती, शहर त्याचे नव्हते. वादविवादाची आवड असलेला हा विद्याप्रेमी राजा होता. मुतझिला पंथाच्या तर्कवादी पंडितांत त्याची ऊठबस असे. ८२७ मध्ये त्याने कुराण निर्मित असल्याचे मत जाहीर केले, पण तेव्हा कुणावर सक्ती केली नाही.

मताच्या दोन्ही बाजूंना वजन होते. निर्मितवादी म्हणत: अल्लाहखेरीज काहीही अनादि नाही. कुराण अनादि मानले तर त्याच्याशेजारी दुसरे अनादि बसवल्यासारखे होते. ख्रिस्ती लोक येशूबद्दल हेच करतात. हदीसवाले म्हणत: कुराण अल्लाहचे वचन आहे. ते निर्मित आहे असे ना ग्रंथ म्हणतो ना पैगंबर. मग आपण का म्हणावे?

मामूनच्या पत्राचा मजकूर इतिहासकार तबरीने जतन केला आहे. त्यात ईश्वरशास्त्र आहेच, पण सुरुवात होते ती अधिकारापासून. धर्माची राखण करण्याचे आणि वारशाने आलेल्या ज्ञानाचे रक्षण करण्याचे काम अल्लाहने इमामांवर आणि खलिफांवर सोपवले आहे. सामान्य रयतेला विवेक नाही. आणि काही लोक स्वतःला 'सुन्नतवाले', म्हणजे पैगंबरांच्या रीतीने चालणारे, म्हणवून त्या रयतेचे पुढारी झाले आहेत. माझ्या वाचनात पत्राचा गाभा हाच आहे. कुराणाच्या प्रश्नाआडून खलिफा विचारत होता की धर्म सांगायचा कुणी, मी की तुम्ही.

समोर असलेले पर्याय

मामूनपुढे एकच वाट नव्हती. पूर्वजांप्रमाणे विद्वानांना त्यांच्या मशिदीत सोडून द्यायचे, काझी नेमायचे, वाद अंगावर घ्यायचा नाही, ही सर्वांत सोपी. इब्न अल-मुकफ्फाची जुनी योजना काढून कायदा एकसूत्री करायचा, ही दुसरी. यात श्रद्धेला हात लागला नसता आणि कारभाराला खरा उपयोग झाला असता. तिसरी त्याने करून पाहिली होती: ८१७ मध्ये पैगंबरांचे जावई अली यांच्या वंशातल्या अली अल-रिदा यांना वारस नेमून पैगंबरकुळाची पुण्याई एका गादीखाली आणण्याचा प्रयत्न. बगदाद खवळले, लोकांनी मामूनचा काका इब्राहिम याला खलिफा केले, आणि ८१८ मध्ये रिदा वारल्यावर तो डावही संपला. उरली चौथी: एक मत ठरवायचे, ते विद्वानांकडून वदवून घ्यायचे आणि त्या वदवण्यातून आपला अधिकार सिद्ध करायचा. त्याने ही निवडली.

विद्वानांपुढचे पर्याय याहून अवघड होते. कबूल करावे. किंवा जिवाच्या भीतीने तोंडदेखले कबूल करावे, कारण मनात श्रद्धा शाबूत असताना सक्तीने बोलावे लागलेल्याला कुराणातच (१६:१०६) सूट आहे. किंवा गोलमोल बोलून निभावून न्यावे. किंवा नकार द्यावा आणि परिणाम सोसावेत. किंवा सहलसारखे हत्यार उचलावे. पुढच्या अठरा वर्षांत यातला प्रत्येक पर्याय कुणी ना कुणी वापरला.

काय घडले

पहिल्या फेरीत सात नामवंतांना थेट खलिफाकडे रक्क्याला धाडले गेले. त्यांत पैगंबरांच्या सोबत्यांचा चरित्रकोश लिहिणारे इब्न सअद होते आणि हदीसच्या कथनकर्त्यांचे मोठे पारखी यह्या इब्न मईनही होते. सातही जण 'हो' म्हणून परतले.

मग इसहाकने बगदादमध्ये दुसऱ्यांना बोलावले. ही चौकशी सविस्तर नोंदली गेली आहे. बिश्र इब्न वलीद हा काझी राहिलेला कसलेला कायदेपंडित. इसहाक विचारतो, कुराणाबद्दल तुझे म्हणणे काय? बिश्र म्हणतो, ते अल्लाहचे वचन आहे. ते नाही विचारत. निर्मित आहे का? अल्लाह सर्व वस्तूंचा निर्माता आहे. कुराण वस्तू नाही का? वस्तू आहे. मग निर्मित? ते निर्माता नाही. हेही विचारले नाही. निर्मित आहे का? बिश्र थांबतो: सांगितले याहून अधिक मला सांगता येणार नाही.

दुसरा एक जण म्हणाला, कुराण 'केलेले' आहे, तसे आयतीतच आहे. 'केलेले म्हणजे निर्मितच ना?' 'हो.' 'मग कुराण निर्मित?' 'निर्मित म्हणणार नाही, केलेले म्हणतो.' अबू हस्सान झियादीने वेगळी वाट काढली: खलिफा आमचा इमाम आहे, त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्याने आज्ञा केली तर आम्ही मानू. इसहाकने सांगितले की त्याला आज्ञा करायची नाही, फक्त विचारायचे आहे. या उत्तराशी मी नेहमी अडखळतो. झियादी खलिफाला हवा तो अधिकार देऊ करत होता. पण आज्ञा दिली असती तर सक्ती उघड झाली असती, आणि खलिफाला खुशीची कबुली हवी होती.

अहमद इब्न हनबल यांचे उत्तर सर्वांत छोटे. 'ते अल्लाहचे वचन आहे. याहून मी काही जोडत नाही.'

ही उत्तरे वाचून मामून संतापला. त्याच्या पुढच्या पत्रात एकेकाची लक्तरे काढली आहेत: अमक्याने इजिप्तमध्ये काझी असताना पैसा खाल्ला, तमका लाच घेतो, झियादीची वंशावळ खोटी, इब्न हनबल अडाणी. बिश्र आणि काका इब्राहिम ऐकत नसतील तर त्यांची मुंडकी पाठवावीत. बाकीच्यांना बेड्या घालून छावणीत धाडावे. बहुतेक सगळे वाकले. चौघे उरले, साखळदंड चढल्यावर त्यातलेही दोघे वाकले. शेवटी इब्न हनबल आणि तरुण मुहम्मद इब्न नूह असे दोघेच सरहद्दीवरच्या तरसूसच्या छावणीच्या वाटेला लागले.

इथे मामूनने आणखी एक पाऊल टाकले, आणि माझ्या मते तेच त्याला सर्वांत महाग पडले. वाकलेल्यांपैकी काही जण १६:१०६ चा आधार घेत असल्याचे त्याला कळले. त्याने कळवले की ही सूट तुम्हाला लागू नाही, आणि त्यांनाही छावणीत बोलावले. म्हणजे तोंडाने म्हटलेले त्याला पुरत नव्हते, मनातलेही हवे होते. कैदी वाटेत असतानाच ऑगस्ट ८३३ मध्ये मामून वारला. पहिल्या पत्राला जेमतेम चार महिने झाले होते. सगळ्यांना माघारी फिरवण्यात आले. इब्न नूह परतीच्या वाटेवर गेला.

मरताना मामूनने भाऊ मुतसिम याला धोरण पुढे चालवायला आणि काझी इब्न अबी दुआदला जवळ ठेवायला सांगितले. मुतसिम शिपाईगडी, या वादात त्याला गोडी नव्हती. पण भावाचा शब्द होता. दोनेक वर्षांच्या कैदेनंतर इब्न हनबल यांना दरबारात उभे केले गेले. पंडित एकामागून एक युक्तिवाद करत राहिले. त्यांचे म्हणणे एकच: अल्लाहच्या ग्रंथातून किंवा पैगंबरांच्या सुन्नतीतून काही दाखवा, मी मान्य करतो. शेवटी फटके मारायचा हुकूम झाला. जल्लाद आळीपाळीने पुढे येत, मारून बाजूला होत. इब्न हनबल बेशुद्ध पडले आणि त्यांना घरी सोडण्यात आले. अखेरच्या क्षणी ते वाकले का, यावर तेव्हाच दोन तट पडले: मुतझिली लेखक जाहिझ म्हणतो वाकले, हनबली चरित्रकार म्हणतात मुळीच नाही. शहराने दुसरे खरे मानले.

प्रकरण केवळ दरबारी राहिले नव्हते. काझींनी साक्षीदारांनाही हाच प्रश्न विचारावा, असा हुकूम होता. खरेदीखत, निकाह, वारसा हे सगळे पत असलेल्या साक्षीदारांच्या शब्दावर चाले; 'निर्मित' न म्हणणाऱ्याची साक्षच धरायची नाही म्हटल्यावर धाक गल्लीपर्यंत पोचला. इजिप्तमध्ये फुस्तातच्या मशिदींवर 'निर्मित कुराणाचा स्वामी' असे शब्द लिहवले गेले. थोर कायदेपंडित शाफिई यांचे पट्टशिष्य बुवैती यांना तिथून बेड्या घालून आणले आणि ते बगदादच्या तुरुंगात वारले. ८४५ मध्ये लामोस नदीवर बायझंटाइनांशी युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा शत्रूकडून सुटून येणाऱ्या मुसलमान कैद्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला. 'निर्मित' न म्हणणाऱ्याला सोडवायचे नाही. वर्षानुवर्षे परमुलखात खितपत पडलेल्या माणसाला पुलाच्या या टोकाला ईश्वरशास्त्र विचारणारे राज्य कोणत्या थराला गेले होते, हे यातून कळते.

८४६ मध्ये वासिक खलिफा असताना अहमद इब्न नस्र खुझाई याने बगदादमध्ये बंडाचा कट केला. त्याचा आजा अब्बासी क्रांतीच्या पहिल्या पुढाऱ्यांतला, आणि तो स्वतः ८१७ च्या मोहल्ला पथकांत सहलच्या बाजूचा. कट फुटला. समर्‍याला (तेव्हा राजधानी तिथे होती) दरबारात वासिकने त्याला बंडाबद्दल विचारलेच नाही. विचारले ते कुराणाबद्दल. मग स्वतःच्या हाताने तलवार चालवली.

त्याच सुमारास काही फकीह (धर्मकायद्याचे पंडित) इब्न हनबल यांच्याकडे आले होते: आता या खलिफाची निष्ठा सोडून देऊ या. त्यांनी साफ नाही म्हटले. मनातून नापसंत करा, पण आज्ञाधारकपणा सोडू नका, मुसलमानांचे रक्त सांडू नका.

निष्पत्ती

८४७ मध्ये मुतवक्किल गादीवर आला. एक-दोन वर्षांतच त्याने कुराणाबद्दल वाद घालायला मनाई केली. ८५१ मध्ये इब्न अबी दुआदच्या मुलाला मुख्य काझीपदावरून काढले, घराण्याची मालमत्ता जप्त केली आणि टांगून ठेवलेले खुझाईचे अवशेष उतरवून नातलगांना दिले. मिहना संपली. ८५५ मध्ये इब्न हनबल वारले तेव्हा त्यांच्या जनाज्याला बगदाद लोटले.

ही धार्मिक स्वातंत्र्याची पहाट होती असे मात्र मी म्हणणार नाही. याच मुतवक्किलने करबल्याची हुसैन यांची समाधी पाडली आणि ख्रिस्ती-यहुद्यांवर वेगळ्या पोशाखाची सक्ती केली. बळ वापरायचे थांबले नाही; बदलले ते एवढेच की, योग्य श्रद्धा कोणती हे ठरवण्याचा मान खलिफाकडे राहिला नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा कादिर याने श्रद्धेचे एक जाहीरपत्रक वाचून घेतले. त्यात कुराण निर्मित म्हणणाऱ्याला काफिर ठरवले होते. मामूनच्याच गादीवरचा माणूस आता विद्वानांचे मत त्यांच्याच शब्दांत सांगत होता.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळे काय करता आले असते

मामूनने ८२७ नंतर थांबायला हवे होते. मत जाहीर झाले होते, दरबारात वाद चालू होते, कुणी रस्त्यावर आले नव्हते. खलिफाचा धर्माधिकार तोवर धूसर होता, आणि धूसर होता म्हणूनच कुणी तो नाकारला नव्हता. प्रश्नपत्रिका काढल्याबरोबर 'नाही' म्हणण्याची जागा तयार झाली. एवढी ताकद त्याने कायद्याच्या संहितेमागे लावली असती तर विरोध झाला असता, पण त्यात कुणाच्या इमानाला हात घालावा लागला नसता.

इसहाकजवळही एक संधी होती. झियादीसारख्यांची उत्तरे त्याने 'मान्य' म्हणून नोंदवली असती तर प्रकरण कागदावर मिटले असते. त्याने शब्दशः लिहून पाठवले. मुतसिमला तर थांबायला सर्वांत चांगले निमित्त होते, नवी राजवट. भावाच्या शब्दासाठी त्याने एका हदीसपंडिताला सबंध शहराचा नायक केले.

इब्न हनबल यांच्या निर्णयांबद्दल माझ्या मनात आदर आणि हुरहुर दोन्ही आहे. श्रद्धेच्या बाबतीत खलिफाचे ऐकायचे नाही आणि राज्याच्या बाबतीत त्याच्याविरुद्ध उठायचे नाही, ही रेषा त्यांनी स्वतःच्या पाठीवर फटके घेऊन आखली, आणि सुन्नी परंपरेने पुढे शतकानुशतके तीच धरली. खुझाईच्या वाटेने गेले असते तर बगदादला आणखी एक वेढा पडला असता. तो वेढा त्यांनी तरुणपणी पाहिला होता. पण त्या रेषेने एक जागा रिकामी सोडली. राज्यकर्त्याला धर्म शिकवायचा अधिकार नाही हे ठरले. राज्यकर्त्याला आवरायचे कुणी, हे ठरले नाही. मुतवक्किलने त्यांना समर्‍याला बोलावून धाकटा राजपुत्र मुअतझ याला शिकवण्याची विनंती केली होती. त्यांनी दरबारचे अन्न घेतले नाही, उपास काढले, आजारी पडले आणि घरी परतले. मुलांनी तनखा स्वीकारला म्हणून त्यांच्यावरही रागावले. अठरा वर्षे जे भोगले त्यानंतर दुसरे काही करणे त्यांना शक्य नव्हते, हे मी समजू शकतो. तरी वाटते की, त्या वेळी विद्वानांनी काही अटी घालून दरबारात पाय ठेवला असता, निदान गादीचा वारस कसा ठरावा आणि फौजेचा पगार कुणाच्या हाती असावा एवढ्यापुरता शब्द मागितला असता, तर पुढचे काही वेगळे झाले असते. ८६१ मध्ये मुतवक्किलला त्याच्याच तुर्क शरीररक्षकांनी कापले. ८७० पर्यंत आणखी तीन खलिफा मारले गेले. पगार थकला म्हणून सैनिकांनी ८६९ मध्ये गादीवरून ओढून काढलेला आणि कोंडून मारलेला खलिफा मुअतझच होता, आणि त्याला वाचवण्याचे कोणतेही साधन बगदादच्या विद्वानांच्या हाती नव्हते.